विहिरीतल्या माश्या, शेडातल्या माश्या

रासकरवस्तीवर रतनबाईंच्या घरी गेलात, तर चहाचा कप बशीनं झाकून येतो. बशी जरा सरकवायची, घोट घ्यायचा, पुन्हा झाकायची. नव्या माणसाला हे जमत नाही. तो बोलण्याच्या नादात बशी खाली ठेवतो आणि मग कपात बघतो, तर दोन माश्या पोहत असतात. रतनबाई कप उचलतात, आत जातात, दुसरा आणतात. ओशाळायचं त्यांनी केव्हाच सोडलंय.

कवठे येमाईहून मलठणच्या रस्त्याला लागलं की थोडं पुढं एक ओढा आहे. ओढ्यापलीकडं माळ्यांची चार घरं, त्यातलं शेवटचं रतनबाईंच्या नवऱ्याचं, ईश्वर रासकरांचं. घराच्या उगवतीला विहीर आणि तिच्यावर भिजणारं दोन एकर रान. मावळतीला थोडं रान, मग बांध, आणि बांधाला लागून विश्वजीतच्या पोल्ट्रीचं लांबलचक शेड.

रतनबाई इथं नांदायला आल्या तेव्हा अठराच्या होत्या. माहेर दौंड तालुक्यातलं नानगाव. तिकडं भीमेचं पाणी, काळी रानं, उसात शिरलं की माणूस दिसत नाही. इथला मुरमाड माळ बघून त्यांचा पहिला दिवस रडण्यातच गेला. दुसऱ्या सकाळी सासूनं, ताईबाईंनी, त्यांना हाताला धरून विहिरीवर नेलं. ताईबाई उंच, काळ्यासावळ्या, आवाजानं भारी. कठड्यावर वाकून त्यांनी आत बोट दाखवलं. पुरुषभर खाली, दोन घडीव दगडांच्या मधे एक फट होती, आणि त्या फटीतून मधमाश्या ये-जा करत होत्या. उन्हाचा पहिला कवडसा नेमका तिथंच पडला होता.

"घरच्याच हायेत त्या," ताईबाई म्हणाल्या. "आपल्या आधीपासनं हायेत. त्यांच्यावर धूर धरायचा न्हाई, आन् त्यांच्या वाटंत उभं ऱ्हायचं न्हाई."

"चावत्यात का?"

"वाटंत उभी ऱ्हायलीस तर चावतील. मी बी चावीन."

रतनबाईंना त्या घरात आलेलं ते पहिलं हसू.

ताईबाईंना वेड होतं कांद्याच्या बियाण्याचं. भाद्रपदात कांदा साठवायच्या चाळीत उकिडवं बसून त्या एकेक कांदा निवडायच्या. कोंब न फुटलेला, मान बारीक असलेला, हाताला दगडासारखा लागणारा. दिवाळीनंतर त्याचा शेंडा कापून तो विहिरीखालच्या वाफ्यात लावायचा. पौष-माघात त्याला कमरेएवढे दांडे यायचे आणि दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे फुलायचे. गोंडे फुलले की विहिरीतल्या माश्या त्यांच्यावर तुटून पडत. ऊन वर आलं की त्या तुकड्यात नुसती गुणगुण चालायची, आणि ताईबाई बांधावर बसून ती ऐकायच्या. चैत्रात गोंडे वाळले की आतून काळंभोर बी निघायचं. कांद्याचं बी फार टिकत नाही. वर्ष उलटून गेलं की निम्मंही उगवत नाही, म्हणून एकही साल चुकवून चालत नाही. ताईबाईंनी कधी चुकवलं नव्हतं, आणि त्यांच्या सासूनंही नव्हतं. तांबूस, थोडा चपटा, दिवाळीपर्यंत चाळीत राहणारा तो कांदा पाहुण्यारावळ्यांत ‘ताईबाईचा कांदा’ म्हणूनच ओळखला जायचा. रतनबाई दर उन्हाळ्यात माहेरी जाताना फडक्यात बांधून त्याचं बी न्यायच्या, भावाला, गोकुळला.

सहा वर्षांपूर्वी बांधापलीकडं शेड उभं राहिलं. विश्वजीत हा गावातल्या पोपटरावांचा मुलगा. घरात सोसायटीचं राजकारण दोन पिढ्यांचं, जमीन भरपूर, पोरगा शिकलेला आणि बोलायला गोड. पिंजऱ्यांच्या रांगांत अंड्यावरच्या कोंबड्या, आणि पिंजऱ्यांखाली त्यांच्या विष्ठेचा ढीग. तो वर्षातून दोनदा उचलला जायचा, तोवर वाढत राहायचा. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी माश्या आल्या.

आल्या म्हणजे कशा, हे सांगून पटत नाही. कपडे वाळत घातलेली तार काळी दिसायची. दिव्याच्या वायरवर त्या मण्यांसारख्या ओळीनं बसायच्या. भाकरी थापताना परातीत, दूध काढताना गाईच्या डोळ्यांत, जेवताना ताटात. घरातला प्रत्येक जण एका हातानं जेवायला आणि दुसऱ्या हातानं वारायला शिकला. खुरपायला येणाऱ्या बायका म्हणाल्या, "रतनमामी, तुमच्यात भाकरी सोडायची सोय न्हाई," आणि त्या बांधाकडच्या रानात यायच्या बंद झाल्या. नणंद माहेरपणाला आली, ती दोन दिवसांत परत गेली.

ईश्वर दोनदा विश्वजीतकडं जाऊन आले. ते मुळातच कमी बोलणारे. विश्वजीतनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आप्पा, मी औषध मारतोय की. चुना टाकतोय. पर माशी ती, तिला काय दाव्याला बांधू का?"

मग तालुक्याला अर्ज दिला. चार महिन्यांनी एक साहेब आले ते नेमके गारठ्याच्या, आभाळ आलेल्या सकाळी. आदल्याच दिवशी शेडात पांढराफेक चुना मारलेला. साहेबांनी रतनबाईंचा चहा घेतला, कागदावर काही लिहिलं आणि ते गेले. त्यानंतर त्या कागदाचं काय झालं, ते वस्तीवर कुणालाच कळलं नाही.

हेही अंगवळणी पडलं असतं. पण एका वर्षी पोळ्याच्या सुमारास ताईबाई न्हाणीत पडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा थोडाफार हलायचा, पण तोंडापर्यंत पोचायचा नाही. शिरूरच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी त्यांना घरी आणलं आणि पडवीत कॉट टाकली. आणि मग माश्यांना जणू हक्काची जागाच मिळाली. डोळ्याच्या कडेला माशी बसली की ताईबाई पापणी मिटायच्या, उघडायच्या, पुन्हा मिटायच्या. माशी उठायची नाही. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, तिथं चार-पाच बसायच्या. मच्छरदाणी लावून बघितली. आत कोंडून ताईबाई घामानं भिजायच्या, आणि भरवायला, पुसायला मच्छरदाणी उचलली की त्याबरोबर माश्याही आत जायच्या. मग त्या आतच राहायच्या.

रतनबाई दिवसाचे कितीतरी तास टॉवेल घेऊन उशाशी बसायच्या. चूल, गोठा, रान आणि टॉवेल. जिनं अख्खी वस्ती आवाजावर हलवली, ती बाई डोळ्यांनी फक्त ‘उठू नको’ म्हणायची. पण उठावं तर लागायचंच.

मुलगी प्रांजल तेव्हा शिरूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, प्राणिशास्त्राला. तिच्या मॅडमनी सगळ्यांना एक प्रकल्प दिला होता. घराजवळचे दोन कीटक निवडायचे, ते कुठं राहतात, कसे जगतात ते महिनाभर बघायचं आणि तुलना करून लिहायचं. प्रांजलला लांब जावं लागलं नाही. ती सकाळी विहिरीच्या कठड्यावर वही घेऊन बसायची आणि दुपारी शेडाच्या जाळीशी. संध्याकाळी आजीच्या कॉटपाशी बसून ती आईला वाचून दाखवायची. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढलेली होती.

"विहिरीतल्यांना सातेरी म्हंत्यात. त्यांना अंधार लागतो, गारवा लागतो, आन् एकच घर लागतं. एक राणी, बाकी कामकरी समद्या तिच्या लेकी. मेलेली माशी घरात ठेवत न्हाईत, उचलून भायेर टाकत्यात. संडासला सुदीक भायेर जात्यात."

"मंग आपल्यापरीस बऱ्या," रतनबाई म्हणाल्या. "आन् ह्या?"

"ह्यांना घरच न्हाई. खतात अंडी घालायची आन् निघून जायचं. आई कोन, लेक कोन, काय ठाव न्हाई. पिंजऱ्याखाली ऊब हाय, ओल हाय, खायाला हाय. आठ-दहा दिवसांत अंड्याची माशी व्हती. एकीला मारलं तर दुसरीला पत्ता न्हाई." प्रांजलनं पान उलटलं. "आन् मधमाशीला कुठं गोड घावलं, की ती घरी येऊन नाचून सांगती. कुठल्या बाजूला, किती लांब, समदं."

"नाचून?"

"व्हय. मंग समद्या तिथं जात्यात."

कॉटवर ताईबाईंच्या तोंडाची डावी बाजू हलली. प्रांजल म्हणाली, आजी हसली. रतनबाईंनाही तसंच वाटलं.

माघात गोंडे फुलले. त्या वर्षी लागण रतनबाईंनी एकटीनं केली होती, निवड मात्र ताईबाईंच्या कॉटपाशी पाटी ठेवून केली. एकेक कांदा डोळ्यांसमोर धरायचा. पापणी मिटली तर ठेवायचा. गोंडे पांढरेशुभ्र फुलले, माश्यांची गुणगुण सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी पाठ पुसताना रतनबाईंना ताईबाईंच्या कमरेखालच्या जखमेत काहीतरी हललेलं दिसलं.

पडून पडून पाठीला जखमा झाल्याच होत्या. रोज धुऊन, मलम लावून त्या झाकत होत्या. कधीतरी पट्टी सरकली असणार. डॉक्टर आले. त्यांनी जखमेत टर्पेंटाइन सोडलं आणि चिमट्यानं एकेक अळी काढून वाटीत टाकू लागले. रतनबाई सासूला कुशीवर धरून बसल्या होत्या. ताईबाईंना बोलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. घशातून फक्त एक घरघर यायची. पण जाणवत सगळं होतं. त्यांचा डावा हात रतनबाईंच्या मनगटावर होता आणि प्रत्येक वेळी ती बोटं आवळत होती. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "माश्यांपासून जपा." एवढंच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्याच दिवशी रतनबाई बाजाराच्या गावी गेल्या. खताऔषधांच्या दुकानात त्यांनी माशीचं औषध मागितलं. दुकानदारानं पिवळ्या दाण्यांची पुडी दिली. गुळाच्या पाण्यात कालवायचं, पोतं भिजवायचं आणि माश्या असतील तिथं पसरायचं. "लेकरं, कोंबड्या, जनावरं लांब ठेवा," तो म्हणाला. पुडीवर बारीक अक्षरात बरंच काही छापलं होतं, ते रतनबाईंच्या नजरेला दिसणारं नव्हतं आणि भाषाही त्यांची नव्हती.

त्यांनी चार पोती भिजवली. एक पडवीच्या पायरीशी, एक गोठ्यात, एक उकिरड्यावर. चौथं विहिरीजवळच्या पाण्याच्या हौदाशी, कारण तिथं ओलीला माश्यांचा घोळका असायचा. गूळ मुठीनं जास्तच घातला. दुपारपर्यंत पोत्यांभोवती माश्यांचा काळा सडा पडला. रतनबाईंनी तो झाडूनं गोळा केला आणि त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. संध्याकाळी ताईबाईंच्या तोंडावर एकही माशी नव्हती. त्या गाढ झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून.

दुसऱ्या दिवशी रतनबाई हौदावर पाणी आणायला गेल्या, तेव्हा चौथ्या पोत्यावर त्यांना वेगळ्या रंगाच्या माश्या दिसल्या. बारीक, तपकिरी, पोटावर पट्टे. दहा-बारा असतील. त्यांनी हातानं हुसकावल्या. काही उडाल्या आणि परत येऊन बसल्या. पोतं उचलावं असं मनात आलं, त्यांनी वाकून कोपरा धरलासुद्धा. तेवढ्यात पडवीतून ताईबाईंची घरघर ऐकू आली. अंथरूण भिजलं असणार. रतनबाईंनी पोतं सोडलं, बादली उचलली आणि त्या घराकडं गेल्या. मग धुणं निघालं, मग गाईची वेळ झाली. ते पोतं राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी प्रांजल वही घेऊन कठड्यावर बसायला गेली आणि लगेच परत आली.

"आई, हौदाजवळच्या पोत्यावर काय टाकलंवतंस?"

रतनबाईंच्या हातात पीठ होतं. त्या तशाच निघाल्या. विहिरीच्या पाण्यावर मेलेल्या मधमाश्यांचा तवंग होता. फटीच्या तोंडाशी काही जणी गोल गोल फिरत होत्या, पाय घासत होत्या आणि एकेक करून खाली पडत होत्या. बाहेर टाकायला कुणी उरलं नव्हतं.

"हितनं हौद किती लांब? पंधरा पावलं," प्रांजल म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि तेच रतनबाईंना सहन होईना. "एकीला घावलं आसंल. तिनं घरी जाऊन सांगितलं."

दोघींनी मिळून पोती जाळली. दहा-बारा दिवसांनी घरातल्या माश्या पहिल्याइतक्याच झाल्या. तार काळी झाली. ताईबाई पुन्हा पापणी मिटू-उघडू लागल्या.

ईश्वरनी विहिरीत वाकून बघितलं आणि ते सरळ बांध ओलांडून शेडाकडं गेले. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस तिथं जाऊन ओरडला. विश्वजीतनं शेडात काहीतरी जहाल मारलं, त्यानंच आमच्या माश्या मेल्या, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. वस्तीवरच्या चौघांनीही मान डोलावली. विश्वजीत तसाच त्यांच्या मागोमाग दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आप्पा, येमाईची आन घेतो. मी महिनाभर कायबी मारलेलं न्हाई. औषध संपलंय माझ्याकडचं. काकू, तुम्ही तरी सांगा, वास तरी आला का तुमाला?"

सगळे रतनबाईंकडं बघत होते. प्रांजल दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडं बघत होती. रतनबाई म्हणाल्या, "मला काय ठाव? मी आत्याबाईंच्यात आस्ते," आणि आत गेल्या. विश्वजीत खरं बोलत होता. शेड उभं राहिल्यापासून तो पहिल्यांदाच पूर्ण खरं बोलत होता, आणि त्याच दिवशी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पुढं कितीतरी महिने ईश्वर त्याच्याशी बोलले नाहीत. रतनबाईंना वाटायचं, सांगून टाकावं. पण नवऱ्याला इतक्या वर्षांत एकदा कुणावर तरी ओरडायला मिळालं होतं. ते त्यांच्याकडून काढून घेणं रतनबाईंना जमलं नाही. शिवाय भीती होतीच. ती लपवून काय उपयोग?

गोंडे फुललेलेच होते, पण रानात आवाज नव्हता. रतनबाई बांधावर बसून बघायच्या. घरातल्या काही माश्या गोंड्यांवर बसलेल्या दिसायच्या आणि त्यांना वेडी आशा वाटायची. प्रांजलनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, घरमाशीही थोडंफार परागीकरण करते, पण ती अशी फुलाफुलाला धरून राहत नाही. जवळ खताचा ढीग असताना ती इकडं कशाला येईल? चैत्रात गोंडे चोळले, तर निम्मे पोकळ निघाले. जे बी मिळालं ते हलकं, सुरकुतलेलं, पाखडताना भुशाबरोबर उडणारं.

एका दुपारी, घरात कुणी नसताना, रतनबाईंनी ते बी ताटलीत घेतलं आणि सासूपुढं धरलं. ताईबाईंनी बघितलं. डाव्या हाताची बोटं ताटलीकडं सरकली. रतनबाईंनी चिमूटभर बी त्यांच्या तळव्यावर ठेवलं. ताईबाईंनी अंगठ्यानं चोळून बघितलं, आणि त्यांना कळलं. चाळीस वर्षं बी चोळलेला हात होता तो.

"आत्याबाई, माश्या मी मारल्या," रतनबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी औषध ठिवलंवतं. त्या पोत्यावर बसलेल्या मी बघितल्या. बघून बी उचललं न्हाई मी ते."

ताईबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेत राग होता का, माफी होती का, की त्यांना बोलणं समजलंच नाही, हे रतनबाईंना त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही. बऱ्याच वेळानं ताईबाईंनी डोळे मिटले. तळवा उघडाच राहिला. त्यातलं बी चादरीवर सांडलं आणि त्याच्यावर माश्या बसल्या.

आषाढात ताईबाई गेल्या. माणसं जमेपर्यंत, भाऊबंद येईपर्यंत तीन-चार तास लागले. तेवढा वेळ दोन बाया पदरानं सारख्या वारत होत्या. आंघोळ घालताना पाणी पडलं तेवढ्यापुरत्या माश्या उठल्या. रतनबाई रडल्या नाहीत. बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. रतनबाईंनी मान हलवली.

सुरकुतलेलं बी त्यांनी तरीही टाकलं. वाफ्यात इथं एक, तिथं एक कोंब आला आणि जळून गेला. पण आदल्या सालच्या बियाण्याचा कांदा अजून चाळीत होता. भाद्रपदात त्या त्याच्यापुढं बसल्या. दिवाळीनंतर लागण केली. प्रांजलनं मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या एका माणसाला फोन लावला. तो आला, रान बघितलं, बांधापलीकडचं शेड बघितलं आणि म्हणाला, "ताई, इथं रोज कुणी ना कुणी माशीवर औषध मारणार. माझ्या पेट्या मी कशा ठेवू?" त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

मग माघात रतनबाईंनी तळहाताला मऊ सुती फडकं गुंडाळलं. रोज सकाळी दव वाळलं की त्या ओळीनं चालायच्या आणि प्रत्येक गोंड्यावरून हात फिरवायच्या. ह्या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, परत ह्याच्यावर. पहिले चार दिवस ईश्वर बघत उभे राहिले, मग तेही दुसऱ्या टोकानं सुरू झाले. महिनाभर दोघांनी ते केलं. कमरा धरल्या. एका गोंड्यात शेकड्यांनी बारीक फुलं, ती एकाच दिवशी उमलत नाहीत, आज ही तर परवा ती. विहिरीतल्या त्या हजारो जणी दिवसभर जे करत होत्या, ते दोन म्हातारी होत चाललेली माणसं करू पाहत होती. चैत्रात वाटीभर बी निघालं. रतनबाईंनी त्यातलं चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. आठवड्यानं उघडलं, तर दोन दाण्यांना मोड होते. बाकीच्यांना बुरशी.

आता एकच जागा उरली होती. मे महिन्यात त्या माहेरी निघाल्या. शिरूरहून न्हावरं, न्हावऱ्याहून चौफुला, तिथून जीप. इतकी वर्षं ज्या वाटेनं त्या बी घेऊन गेल्या, त्याच वाटेनं बी मागायला चालल्या होत्या. गोकुळनं बहिणीला बघून कोंबडी कापायचं काढलं. रतनबाईंनी पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच विचारलं.

"गोकुळ, आपल्या कांद्याचं बी हाय का रं तुझ्याकडं?"

गोकुळनं बायकोकडं बघितलं. "ताई, तुला म्हनून सांगतो. चार वर्सं झाली, मी त्यो लावतच न्हाई. कंपनीचं पाकीट आनतो. तुझं बी... तू एवढ्या लांबनं आनायचीस, तुला कसं सांगू म्हनून घेत व्हतो."

"मंग काय करायचास त्याचं?"

वहिनी हळूच म्हणाली, "पडून ऱ्हायचं, ताई. मंग टाकून द्यायचो."

त्यांनी आणखी दोन घरं केली. पारगावला मावसबहीण, केडगावला चुलता. चुलत्याला कांदा आठवत होता, त्याची चवसुद्धा आठवत होती. बी नव्हतं. मावसबहिणीनं फडताळ उपसून एक चिंधी काढली. आत काळं बी होतं, सात वर्षांपूर्वीचं. रतनबाईंनी ते दाताखाली धरून बघितलं. पोकळ फुटलं. परत निघताना गोकुळनं कंपनीच्या बियाण्याचं एक पाकीट त्यांच्या पिशवीत टाकलं. त्या नको म्हणाल्या नाहीत.

त्या पाकिटाचा कांदा चांगला आला. प्रांजल रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिला सकाळी सहाची गाडी असते, आणि माश्या-मधमाश्यांच्या त्या प्रकल्पाला कितपत मार्क पडले, हे तिनं घरी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. बांधाकडच्या रानात मजूर येईनात म्हणून ते पड पडलं. मग विश्वजीतनंच माणसाकरवी निरोप पाठवला, ते रान विकता का म्हणून. दुसरं शेड टाकायचं होतं, जागा बांधालगतच सोयीची होती.

तिसऱ्या दिवशी जेवताना ईश्वर म्हणाले, "पड ठिवून तरी काय करायचं?"

रतनबाई म्हणाल्या, "आवं, माश्या त्यानं मारल्या नव्हत्या."

ईश्वरनी घास तोंडात घातला. "ठाव हाय मला," ते म्हणाले. "पोती जाळल्याली राख मी बघितलीवती." आणि हातानं ताटावरचं वारत ते जेवत राहिले.

सातबाऱ्यावर दोघांची नावं होती. शिरूरच्या कचेरीत गर्दी होती, दुपार झाली. नंबर आला तेव्हा कारकुनानं खरेदीखताचा कागद पुढं सरकवला. रतनबाईंनी विचारलं, "कुठं करायची?" त्यानं बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. परतीच्या गाडीत दोघांना बसायला जागा मिळाली.